प्रकरण ६ : फळ्यावर कुणाची पावलं?

पहाटे पाचला उठून पीटी करणाऱ्या माणसांना चालण्याची स्पर्धा कशाला लागते? लष्करी तळांवर भरणाऱ्या ‘फिटनेस चॅलेंज’बद्दल ऐकलं, की बहुतेकांच्या मनात हाच प्रश्न येतो. चार-पाच जणांच्या टीम, सहा-आठ आठवड्यांची मुदत, रोज किती पावलं चाललो आणि ताटात किती भाजी होती याची नोंद, शिवाय ऑफिसच्या दाराशी टांगलेल्या फळ्यावर दर आठवड्याला वरखाली होणारे क्रमांक. हे सगळं बँकेत किंवा आयटी कंपनीत शोभून दिसतं. जिथे धावता आलं नाही तर बढती अडू शकते, तिथे या खेळाचं काय काम?

प्रश्न रास्त आहे. फक्त तो विचारताना डोळ्यांसमोर पाठीवर पिट्टू आणि हातात रायफल घेऊन पळणारा पंचविशीतला जवान असतो. छावणीत तो असतोच, पण एकटा नसतो.

१. छावणीत राहतं कोण?

भारतीय सैन्याच्या लढाऊ क्षमतेच्या चाचणीत जवानाला अंगावर युद्धसाहित्य बाळगून पाच किलोमीटर धावावं लागतं. याच छावणीत कागदपत्रं सांभाळणारा क्लार्क, भांडारातला स्टोअरकीपर, दिवसभर स्टिअरिंगमागे बसणारा ड्रायव्हर, वर्कशॉपमधला मेकॅनिक, हॉस्पिटलातल्या नर्स, गणवेश नसलेले नागरी कर्मचारी, क्वार्टर्समधली कुटुंबं आणि कॅन्टीनच्या रांगेतले माजी सैनिकही असतात. अमेरिकेच्या संरक्षण खात्यात गणवेशातले पूर्णवेळ सैनिक सुमारे १३ लाख आणि नागरी कर्मचारी सुमारे सात लाख. म्हणजे दर दोन सैनिकांमागे एक टेबलाशी किंवा यंत्राशी बसलेला माणूस.

यांच्या गरजा सारख्या नसतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) हिशेबाने बैठं काम करणाऱ्या भारतीय पुरुषाला दिवसाला सुमारे २,१०० कॅलरी पुरतात. डोंगरात ओझं वाहणाऱ्या जवानाला ४,००० हून जास्त लागू शकतात. पंजाबच्या सीमेवर धावून-धावून भूक कमावलेला हवालदार चाळिशीत मुख्यालयातल्या खुर्चीवर येतो तेव्हा त्याचं काम निम्म्यावर येतं, ताट मात्र तेवढंच राहतं. वर्षभरात पट्ट्याला नवं भोक पाडावं लागतं.

अमेरिकी लष्कराला ही काळजी दोन्ही टोकांनी लागलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात भरतीला आलेली कितीतरी मुलं अर्धपोटी वाढलेली निघाली. शाळेतल्या जेवणाचा राष्ट्रीय कायदा तिथे १९४६ साली झाला, त्यामागे हाही अनुभव होता. पुढे काटा उलटा फिरला. २०१० मध्ये निवृत्त सेनाधिकाऱ्यांच्या एका संघटनेने अहवाल काढला, त्याचं नावच ‘टू फॅट टू फाइट’ होतं. २०२० च्या पेंटॅगॉनच्या पाहणीत १७ ते २४ वयोगटातले ७७ टक्के तरुण खास सवलतीशिवाय भरतीला अपात्र ठरले आणि एकाच कारणामुळे अपात्र ठरलेल्यांत जास्त वजन हे सर्वांत मोठं कारण होतं. शिवाय सैन्यात जाणारी बरीच मुलं सैनिकांच्याच घरात वाढलेली असतात. आजच्या क्वार्टरमधलं ताट म्हणजे उद्याच्या भरतीची तयारी.

म्हणून २०१३ मध्ये तिथे ‘हेल्दी बेस इनिशिएटिव्ह’ सुरू झाला. क्वांटिको, फोर्ट ब्रॅग अशा डझनभराहून जास्त ठिकाणी एकट्या जवानावर लक्ष न ठेवता मेस, दुकान, रस्ते, शाळा, ऑफिस असा सगळा तळ हाताळायचं ठरलं. टीमच्या स्पर्धा हा अशा प्रयत्नांतला सोपा आणि स्वस्त भाग असतो. सोपा म्हणजे भरवायला सोपा. नीट भरवण्यासाठी आधी एका फ्रेंच प्राध्यापकाची दोरी पाहावी लागते.

२. आठ जण मिळून चार जणांचं काम

मॅक्सिमिलियन रिंगेलमन हे फ्रान्समधले कृषी अभियंते. बैल, घोडे, माणसं, यंत्रं यांच्यात ओढायचं काम कोण किती चांगलं करतं, हे त्यांना मोजायचं होतं. त्यांनी माणसांना दोरी ओढायला लावली आणि दोरीला बल मोजणारं यंत्र जोडलं. १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांतले आकडे आजही पाठ्यपुस्तकांत येतात.

एकट्या माणसाचा जोर १०० धरला, तर दोघं एकत्र ओढताना प्रत्येकाचा जोर ९३ वर येतो, तिघं असले तर ८५ वर. आठ जण असले, की प्रत्येक जण जेमतेम ४९. म्हणजे आठ जण दोरीला लागले तरी काम साधारण चौघांचंच होतं.

यातला थोडा भाग तालाचा. सगळे एकाच क्षणी ओढत नाहीत, जोर वाया जातो. पण तेवढंच नाही. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी डोळ्यांवर पट्टी बांधून हाच खेळ केला. ओढणाऱ्याला वाटायचं मागे आणखी माणसं आहेत. प्रत्यक्षात दोरीवर तो एकटाच असायचा. तरीही तो कमी जोर लावत होता. पुढे या प्रकाराला ‘सोशल लोफिंग’ असं नाव पडलं. मराठीत त्यासाठी वेगळी संज्ञा घडवायची गरज नाही. लग्नघरात सतरंज्या उचलायची वेळ आली की हात लावल्यासारखं करणारा पाहुणा सगळ्यांच्या ओळखीचा असतो.

तो पाहुणा आळशी असतोच असं नाही. आपला जोर वेगळा मोजला जात नाही, हे त्याच्या हातांना कळलेलं असतं. पाच जणांच्या टीमची पावलं एकत्र करून फळ्यावर एकच आकडा लिहिला, तर स्पर्धा भरवणाऱ्याने रिंगेलमनची दोरीच दाराशी टांगलेली असते.

३. दुबळा गडी जास्त जोर कधी लावतो?

रिंगेलमननंतर काही वर्षांनी जर्मनीत याच्या बरोबर उलटं दिसलं. ओटो कोहलर या मानसशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात बर्लिनच्या एका वल्हेकरी क्लबातल्या गड्यांना वजन बांधलेला दांडा हातांनी वर-खाली करत राहायला सांगितलं, अगदी दमून थांबेपर्यंत. आधी एकेकट्याने, मग जोडीने. जोडीच्या वेळी वजन दुप्पट होतं. त्यामुळे एकाने हात सोडला की दुसऱ्याला ते पेलणं शक्य नव्हतं आणि खेळ तिथेच संपत होता.

जोडीतला दुबळा गडी एकटा असतानापेक्षा जास्त वेळ टिकला. जोडीदारांच्या ताकदीत फरक मध्यम असला, तर परिणाम सगळ्यांत ठळक दिसला. फरक फारच मोठा असला की दुबळ्याला आपण तिथवर पोचूच शकत नाही असं वाटतं आणि तो उमेद सोडतो.

माणसं तीच, मग एका ठिकाणी अंग चोरणं आणि दुसऱ्या ठिकाणी अंग झोकून देणं का? रिंगेलमनच्या दोरीवर आठव्या माणसाने हात सैल सोडला तरी कुणाला कळत नव्हतं. कोहलरच्या दांड्यावर दुबळ्याने हात सोडला की सगळा खेळ थांबत होता. एकीकडे तो नगण्य होता, दुसरीकडे निर्णायक.

याची सैनिकी बाजू अमेरिकेच्या हवाई दल अकादमीत दिसली. कोलोरॅडोतल्या या अकादमीत नव्या कॅडेट्सना स्क्वाड्रन चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटून दिली जाते; दोस्त निवडायची मुभा नसते. एका स्क्वाड्रनमधले तीसेक नवे कॅडेट एकत्र राहतात, जेवतात, अभ्यास करतात. अर्थतज्ज्ञांना याहून चांगली प्रयोगशाळा कुठे मिळणार? स्कॉट कॅरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे साडेतीन हजार कॅडेट्सच्या नोंदी तपासल्या आणि २०११ मध्ये निष्कर्ष मांडले. सोबत्यांची शाळेतली तंदुरुस्ती कॅडेटच्या अकादमीतल्या गुणांवर उमटत होती, आणि सगळ्यांत मोठा परिणाम सर्वांत कमी तंदुरुस्त सोबत्यांचा होता. एक उत्तम धावपटू गटाला जितका वर नेतो, त्यापेक्षा कमकुवत सोबती त्याला जास्त खाली ओढतो.

यावर जुना सैनिकी उपाय ठरलेला आहे: एकाची चूक, सगळ्यांना रगडा. त्यात दुबळा निर्णायक ठरतो खरा, पण बराकीत रात्री त्याचं काय होतं हे रगडा खाल्लेल्या कुणालाही विचारावं. तोच दुबळा निर्णायक ठरावा पण शत्रू ठरू नये, अशी मोजणी शोधणं हे चॅलेंज आखणाऱ्याचं खरं काम.

४. एकच आठवडा, तीन निकाल

समजा, एका मुख्यालयात दोन टीम आहेत. पहिल्या टीममध्ये मॅरेथॉन धावणारा सुभेदार रोज २०,००० पावलं चालतो. बाकीचे ९,०००, ८,००० आणि ५,०००. पाचवी लेखा विभागातली कर्मचारी. तिची पावलं ३,०००. दुसऱ्या टीममध्ये तिघांची ९,००० आणि दोघांची ८,०००.

पहिली रीत, बेरीज. पहिल्या टीमची ४५,०००, दुसरीची ४३,०००. पहिली जिंकली. लेखा विभागातल्या त्या बाईंनी जेवणानंतर फेरी मारून १,००० पावलं वाढवली, तर टीमचा आकडा जेमतेम दोन टक्क्यांनी हलेल. सुभेदार ती कसर एका फेरीत भरून काढतो. बाई खुर्चीतच बसल्या तरी बिघडत नाही.

दुसरी रीत, ७,००० चा टप्पा किती जणांनी ओलांडला ते मोजायचं. पहिल्या टीमचे तीन, दुसरीचे पाच. निकाल उलटला. आता सुभेदाराची वरची १३,००० पावलं फळ्याच्या दृष्टीने फुकट आहेत. त्याला टीमचं भलं करायचं असेल तर संध्याकाळी बूट घालून लेखा विभागाच्या दारात उभं राहावं लागेल.

तिसरी रीत, प्रत्येकाची आपल्याच जुन्या आकड्याशी तुलना. ३,००० वरून ४,००० म्हणजे ३३ टक्के वाढ; २०,००० वरून २१,००० म्हणजे फक्त पाच टक्के. या मोजणीत त्या बाईच टीमच्या तारणहार ठरतात.

या नुसत्या कल्पना नाहीत. फिलाडेल्फियातल्या एका संस्थेत ३०४ कर्मचाऱ्यांच्या चौघाचौघांच्या टीम करून प्रयोग झाला. निष्कर्ष २०१६ मध्ये आले. लक्ष्य रोज ७,००० पावलांचं. चौघांनीही लक्ष्य गाठलं तरच टीमला बक्षीस, अशी अट घातल्यावर लक्ष्य गाठलेल्या दिवसांचं प्रमाण १७ टक्के राहिलं. काहीच बक्षीस नसलेल्या गटात ते १८ होतं. बक्षीस स्वतःच्याच पावलांवर दिलं तेव्हा २५. आणि थोडं बक्षीस स्वतःच्या पावलांसाठी, वर थोडं प्रत्येक सोबत्याने लक्ष्य गाठल्याबद्दल, अशी विभागणी केली तेव्हा ३५ टक्के. ‘सगळे किंवा कुणीच नाही’ ही अट ऐकायला बाणेदार वाटते. प्रत्यक्षात एक जण हुकला की उरलेले तिघं त्या दिवसापुरते चपला काढून बसतात.

२०१९ च्या आणखी एका प्रयोगात ६०२ कर्मचाऱ्यांना २४ आठवडे वेगवेगळ्या रीतींनी खेळवलं. दर आठवड्याला खात्यात ७० गुण आधीच जमा. स्वतः ठरवलेलं लक्ष्य हुकलं की त्या दिवसाचे १० गुण वजा. तिघांच्या गटात गुणांची चुरस लावली तेव्हा नुसता पावलांचा हिशेब ठेवणाऱ्या गटापेक्षा रोजची पावलं सुमारे ९२० ने जास्त वाढली. जिथे तिघांची गुणसंख्या एकच होती तिथे ही वाढ ६३७ होती. खेळ थांबल्यावर पुढच्या १२ आठवड्यांतही चुरशीच्या गटाची आघाडी बऱ्यापैकी टिकली. मात्र चुरस नुसत्या पावलांची नव्हती. प्रत्येकाने आपल्या मूळ आकड्यावरून ठरवलेल्या लक्ष्याची होती.

५. किलो मोजावेत की पावलं?

वजन मोजणं सगळ्यांत सोपं. काटा खोटं बोलत नाही. पण काट्यावर उभा राहणारा मनुष्य चलाख असतो. तपासणीच्या आदल्या दिवशी उपास करायचा, पाणी तोडायचं, घाम काढायचा आणि दोन किलो उतरवून दुसऱ्या दिवशी जेवणावर तुटून पडायचं, हा उद्योग जगभरच्या सैन्यांत आणि कुस्तीच्या आखाड्यांत चालतो. महिन्याभरात जास्त किलो उतरवणाऱ्या टीमला ट्रॉफी दिली, तर आयोजक याच उद्योगाला बक्षीस देतो. बाळंतीण, आजारी माणूस आणि मुळातच सडपातळ माणूस या खेळातून आपोआप बाद होतात.

अमेरिकी लष्करानेही नियम थोडा वाकवला. उंचीच्या मानाने वजन जास्त निघालं की टेपने मापं घेऊन चरबीचा अंदाज काढायचा, ही तिथली जुनी पद्धत. २०२३ मध्ये ठरलं, की तेव्हाच्या सहा प्रकारांच्या शारीरिक चाचणीत ६०० पैकी ५४० गुण आणि प्रत्येक प्रकारात किमान ८० मिळवणाऱ्या सैनिकाला टेप लावायचीच नाही. शरीर दिसतं कसं यापेक्षा करतं काय, याला वजन आलं.

पावलांचा आकडाही तपासून घ्यावा. १०,००० हा आकडा वैद्यकातून आलेला नाही. जपानमध्ये १९६५ साली पावलं मोजणारं एक यंत्र विक्रीला आलं, त्याचं नाव ‘मानपोकेई’, म्हणजे ‘दहा हजार पावलांचं मीटर’. नाव तोंडात बसलं आणि जगभर पसरलं. हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी सरासरी ७२ वर्षांच्या सुमारे १७,००० स्त्रियांचा अभ्यास २०१९ मध्ये मांडला. रोज २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं, आणि ७,५०० च्या आसपास फायदा सपाट झाला. छावणीतल्या सासूबाईंना टीममध्ये घ्यायचं असेल, तर त्यांच्यासमोर १०,००० चा डोंगर उभा करण्याचं कारण नाही.

६. सात किलोमीटर आणि एक वडापाव

नुसतं चालून भागेल का? ७० किलोचा माणूस १०,००० पावलं, म्हणजे साधारण सात किलोमीटर चालला, तर ३५० च्या आसपास कॅलरी खर्च होतात. एका वडापावात सुमारे ३०० असतात. सव्वा-दीड तास चालायचं आणि पाच मिनिटांत गेटबाहेरच्या गाडीवर ते परत मिळवायचं. म्हणून चांगल्या चॅलेंजमध्ये ताटालाही गुण असतात.

खाण्याचे गुण मोजणं किचकट असतं. कॅलरींची वही कुणी आठवडाभराहून जास्त लिहीत नाही. अमेरिकी सैन्याने ‘गो फॉर ग्रीन’ या उपक्रमातून हे काम खाणाऱ्याकडून काढून मेसकडे दिलं. प्रत्येक पदार्थापुढे कार्ड: हिरवं म्हणजे नेहमी खा, पिवळं म्हणजे कधीमधी, लाल म्हणजे क्वचित. हातात ट्रे, मागे रांग, निवडायला दोन-चार सेकंद. तेवढ्या वेळात पोषणमूल्यांचा तक्ता कुणी वाचत नाही, रंग मात्र दिसतो. शिवाय हिरवे पदार्थ रांगेच्या सुरुवातीला मांडतात, कारण ट्रे रिकामा असताना हात सढळ असतो.

मांडणीने खरंच फरक पडतो का? बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या उपाहारगृहात असाच प्रयोग झाला. पहिल्या टप्प्यात फक्त रंग लावले. लाल शीतपेयांची विक्री १६.५ टक्क्यांनी घटली. दुसऱ्या टप्प्यात पाण्याच्या बाटल्या नजरेच्या उंचीवर आणल्या आणि जेवणाच्या काउंटरजवळ टोपल्यांत ठेवल्या. लाल पेयं आणखी ११.४ टक्क्यांनी उतरली. कुणालाही व्याख्यान दिलं नव्हतं.

रंगांमुळे टीमचे गुणही सोपे होतात. ‘आज दुपारी ताटात दोन हिरवे होते का?’ एवढंच विचारायचं. हो किंवा नाही.

७. फळा उतरवल्यावर

आता थोडं थंड पाणी. अमेरिकेतल्या बीजेज या घाऊक दुकानांच्या साखळीत १६० शाखांतल्या सुमारे ३३,००० कर्मचाऱ्यांवर मोठा प्रयोग झाला. काही शाखा चिठ्ठीने निवडून तिथे आरोग्याचे वर्ग आणि उपक्रम राबवले. दीड वर्षाने पाहिलं, तर तिथले कर्मचारी नियमित व्यायाम करतो, वजन सांभाळतो असं जास्त प्रमाणात सांगत होते. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, औषधोपचाराचा खर्च, गैरहजेरी यांत मात्र लक्षणीय फरक नव्हता. इलिनॉय विद्यापीठातल्या अशाच अभ्यासात दिसलं, की अशा उपक्रमांत नाव नोंदवणारे बऱ्याचदा आधीच बऱ्यापैकी निरोगी असतात. पुढे त्यांचं भलं दिसतं ते सगळंच उपक्रमाचं कर्तृत्व नसतं.

छावणीत थोडी वेगळी परिस्थिती असते. दुकानाचा मालक कर्मचाऱ्याच्या घरचं ताट बदलू शकत नाही. तळाचा कमांडर मेसचा मेनू, कॅन्टीनमधली मांडणी, ऑफिसच्या वेळा, चालायचा रस्ता आणि त्यावरचे दिवे, यांतलं बरंच काही ठरवू शकतो. आठ आठवड्यांच्या चॅलेंजमधून लोकांना चालायची इच्छा झाली आणि क्वार्टर्सपासून ऑफिसपर्यंत सावलीचा रस्ताच नसला, तर नवव्या आठवड्यात सगळे पुन्हा स्कूटरवर दिसतात.

८. लंगरातली भाकरी

भारतीय सैन्यात असा ताटाकडून झालेला बदल अलीकडचा आहे. मार्च २०२३ मध्ये सैन्याने जवानांच्या शिध्यात बाजरी, ज्वारी आणि नाचणीचं पीठ पुन्हा आणायचं ठरवलं. अर्धशतकाहून जास्त काळापूर्वी गव्हाच्या पिठासाठी ही धान्यं शिध्यातून गेली होती. आता तांदूळ आणि कणकेच्या हक्काच्या २५ टक्क्यांपर्यंत ती घेता येतात. बडाखाना (पलटणीची सामूहिक मेजवानी), कॅन्टीन आणि घरचा स्वयंपाक यांतही त्यांचा वापर वाढवावा, असं तेव्हाच सांगितलं गेलं. मुंबईत मुख्यालय असलेल्या कॅन्टीन स्टोअर्स डिपार्टमेंटच्या (सीएसडी) कॅन्टीनमधूनही भरडधान्यं मिळावीत, हाही त्याच निर्णयाचा भाग.

सातारा-सोलापूरकडच्या जवानाला यात नवल वाटणार नाही. तो ज्वारीवरच वाढलेला असतो. अडचण त्याची नाही, आचाऱ्याची आहे. ज्वारीत गव्हासारखं ग्लूटेन नाही. पीठ ताणलं जात नाही, लाटायला गेलं तर फाटतं. गरम पाण्यात मळून, हाताने थापून भाकरी करावी लागते. शंभर जणांच्या लंगरात, म्हणजे सैन्यातल्या स्वयंपाकघरात, माणशी दोन म्हणजे दोनशे भाकरी. सराईत हाताला एक थापून तव्यावर टाकायला दीड मिनिट धरलं, तरी एका माणसाचे पाच तास झाले. पोळ्या लाटायची सवय असलेल्या, कधी भाकरी न पाहिलेल्या आचाऱ्याचं काय होत असेल? म्हणूनच या निर्णयात आचाऱ्यांना भरडधान्यांचे चवदार पदार्थ शिकवण्याचाही समावेश होता.

चॅलेंजच्या टीम पाडताना बहुतेक वेळा खाणारेच मोजले जातात. एखाद्या पलटणीने उद्या ज्वारीचा महिना करायचा ठरवला, तर पहिल्या आठवड्यातले सगळे गुण पहाटे चार वाजता लंगरात परातीशी उभ्या असलेल्या माणसावर अवलंबून असतील. फळ्यावर पाच नावांची जागा आहे. त्यातलं एक त्याचं असायला हरकत नाही. पावलांच्या रकान्यात त्याच्यापुढे भाकऱ्यांचा आकडा लिहिता येईल.